सरावाचं पान

ज्या कामाला पगार नसतो त्या कामात माणसं इतकी मुजोर काहून होतात, हे मला अजून कळलेलं नाही. नोकरीत निदान साहेबाच्या वर साहेब असतो, कोणीतरी कोणाचा कान धरतो. लोककल्याणाच्या कामात जो आधी आला तो मालक. मी अशा एका कामात हौसेनं गेले आणि तोंड पोळून परत आले. माझं एकटीचं पोळलं असतं तर एक वेळ चाललं असतं.

काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. बोललेली मराठी यंत्राला समजावी म्हणून लोकांचे आवाज गोळा करायचे. वेबसाईटवर एक वाक्य दिसतं, ते आपण मोठ्यानं वाचायचं, आवाज साठवला जातो, मग दुसरं वाक्य. असे भरपूर आवाज जमले की कोणीही ते फुकट घ्यावेत आणि त्यातून वाटेल ते बनवावं. कोणत्या कंपनीची मालकी नाही. ओपन सोर्स. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे सगळ्यांचं आहे, या.’ या म्हणायला काय जातं?

मी जबलपूरच्या एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळते. या कामात शिरले ती आईमुळे. आई मूळची गोंदियाकडची. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं लग्न होऊन इथं आली. बाबा कारखान्यात कामाला, घर तिथल्याच रांझी वस्तीत. राज्यं नव्यानं आखली तेव्हा आमची गावं महाराष्ट्रात गेली आणि माणसं मध्य प्रदेशात राहिली, त्यामुळे आमची मराठी घरातल्या घरात वाढली, अंगणाबाहेर हिंदी. मी पुस्तकं वाचून वाचून जरा सरळ लिहायला शिकले. आई मात्र जशी आली तशीच बोलत राहिली. फोनला बोलून लिहिता येतं म्हणून मी तिला शिकवायला गेले. ती म्हणाली, “पाऊस येऊन राह्यला का वो तिकडे?” फोननं त्याचं काहीच्या काहीच लिहिलं. तिनं पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द तोडून. पुन्हा तेच. फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, “याले माही बोली नाही समजत बाई. याले पुन्याची पायजे.”

ते मला लागलं. म्हटलं, आपलं बोलणं यात गेलंच पाहिजे. आणि मी त्या कामात नाव नोंदवलं.

कामाची मंडळी ठिकठिकाणची. प्रमुख होते ते पुण्याचे. मी त्यांना मनातल्या मनात पुण्याचे साहेब म्हणायची, आताही तेच म्हणते. गृहस्थ हुशार, आवाज गोड, प्रत्येक वाक्याच्या शेवटी “मॅडम”. दर रविवारी सगळ्यांची फोनवर बैठक व्हायची. पहिल्या बैठकीत मी विचारलं, वाक्य वाचायचं ते पान आहे कुठं? मला सापडायला अख्खी संध्याकाळ लागली. साहेब हसले. म्हणाले, वरच्या तीन रेघा दाबा मॅडम, त्यात ‘सहभाग’, त्यात ‘भाषा’, त्यात मराठी निवडा, मग लॉगिन करा, की आलंच. आलंच म्हणे. मी संगणकाच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि माझी ही गत.

बरं, पहिल्या पानावर दुसरं काहीच नव्हतं असंही नाही. मधोमध एक मोठं हिरवं बटण होतं, ‘सुरुवात करा’. ते दाबलं की सरावाचं पान उघडायचं. तसंच वाक्य, तसाच माईक, सगळं हुबेहूब. फक्त तिथं वाचलेलं साठवलं जात नव्हतं. वर लिहिलेलं असायचं, ‘वाक्य स्पष्ट आणि शुद्ध वाचता येईपर्यंत सराव करा.’ आणि तिथून पुढं जायला वाट नव्हती. एक वाक्य झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. सराव कधी संपला, कोणी ठरवायचं, खरं पान कुठं, काही नाही. मी विचारलं, हे असं का? साहेब म्हणाले, नवख्यांच्या चुकांनी संग्रह बिघडू नये म्हणून मॅडम.

मी म्हटलं, चलो, भांडण नको, दाखवूनच देऊ. आमच्या बुद्धविहारात रविवारी वंदना झाली की बायका थोडा वेळ बसतात. मी त्यांच्यापुढं फोन ठेवला, म्हटलं, तायांनो, यात आपला आवाज टाकायचा आहे, बघा जमतं का, मी सांगणार नाही. एकजात सगळ्यांनी हिरवं बटण दाबलं. दाबणारच, डोळ्यापुढं तेच होतं. एक जण वाचत गेली, वाचत गेली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, “हे तर सरतच नाही वो ताई. आता काय करू?” सगळ्या हसल्या. खऱ्या पानावर एकही पोचली नाही.

हे मी रीतसर लिहून मंडळींना कळवलं. सोबत उपायही सांगितला, अगदी साधा. पहिल्या पानावर एकच बटण ठेवा, ‘इथे बोला’, ते थेट खऱ्या पानावर जाऊ द्या. सराव ज्याला हवा त्याच्यासाठी खाली बारीक अक्षरात असू द्या. आणि सरावाच्या पानावर एक ओळ टाका, ‘झालं, आता पुढे चला.’

काय सांगू, त्यावर महिनोन् महिने चर्चा झाली! बटण हिरवं असावं की निळं. ‘बोला’ म्हणावं की ‘बोलून पाहा’. मग कोणीतरी म्हणालं, मदतीच्या पानावर सगळं लिहिलेलं आहे, लोक वाचत नाहीत त्याला आपण काय करणार. मदतीचं पान इंग्रजीत होतं. परदेशात राहणारे एक गृहस्थ तर म्हणाले, “थोडी मेहनत घेतली की सापडतं. आम्हालाही कोणी दाखवलं नव्हतं.” ही तर सासूची भाषा झाली! आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर साहेब गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमच्या सूचनेचा पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू.”

इथं नर्मदेवर ग्वारीघाटला कोणी नवा माणूस ऑटोतून उतरला की त्याचा पाय जमिनीला लागायच्या आत नावाडी ओरडतो, “आइए भैया, सीढ़ी इधर से है.” फुलवाली सांगते, चप्पल इथं काढा. त्यांचा स्वार्थ असतो, असू दे ना. पण माणूस हरवत तरी नाही. ही आमची निःस्वार्थ मंडळी.

त्याच सुमारास आईचा आवाज बसला. आधी आम्ही सर्दी म्हटलं, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या. आवाज काही सुटेना. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला काही आठवडे होते. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे मंग मी कोनाले हाक नाही मारू शकनार?” मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत उभी राहिले.

लोक मला विचारतात, अगं, मग फोनवर तिचं बोलणं टिपून का नाही ठेवलं? ठेवणार होते. फोन समोर धरला तर तिनं हात झटकला. “काहून? मी मरून राह्यली का? ठेव तो.” ती तशीच होती. तिची माया करायला गेलं की ती चिडायची. काम सांगितलं की मात्र खूश. तेव्हा मी म्हटलं, आई, एक काम आहे. तू वाक्यं वाचायची. तुझा आवाज त्या यंत्राला ऐकवू. मग तुझ्यासारखं बोलणारी बाई फोनशी बोलली की त्याला समजेल. तिनं विचारलं, “माह्या आवाजानं? समजंल त्याले?” समजेल म्हटलं. “मंग करतो ना. काम असन तं करतो.”

मी तिला त्या हिरव्या बटणाच्या तोंडी देणारच नव्हते. मी माहीतगार! तिच्या फोनवर तिच्या नावानं लॉगिन केलं, खरं पान उघडलं आणि त्याची खूण फोनच्या पडद्यावर आणून ठेवली. म्हटलं, आई, फक्त ही खूण दाबायची, वाक्य आलं की वाचायचं, बस. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले. तिनं चष्मा पुसला, पदर सारखा केला. घोगरा आवाज, पण तिचाच. छापील वाक्यही ती आपल्या चालीत वाचायची, शेवट लांबवून. वाचून झालं की पानावर लिहून यायचं, ‘धन्यवाद, तुमचा आवाज साठवला.’ ते ती दर वेळी मोठ्यानं वाचायची आणि माझ्याकडं बघायची.

मग रोजचा नेम झाला. मी कॉलेजातून आले की विचारायची, “झालं का आज?” ती म्हणायची, “झालं.” दुपारी शेजारणीनं हाक मारली तर तिला दारातूनच परत पाठवायची, “काम चालू हाय माहं.” घसा दुखायचा, तरी कोमट पाणी पिऊन पुन्हा बसायची. मला बरं वाटायचं, खरंच बरं वाटायचं. म्हटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून होऊन राहिलं आहे.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली होती. सिस्टर येऊन म्हणायची, “माताजी, बोलने की कोशिश मत कीजिए,” आणि आई डोळ्यांनी हो म्हणायची. थोडी सावरल्यावर मी तिला पाटी आणि खडू आणून दिला. त्या दिवशी ती फार उदास होती. मी म्हटलं, थांब, तुला गंमत ऐकवते, तुझाच आवाज. तिचं खातं उघडलं. त्यात आपण वाचलेली वाक्यं पुन्हा ऐकता येतात.

सुरुवातीच्या तीन-चार दिवसांची वाक्यं होती. त्यापुढं काहीच नव्हतं.

मी पुन्हा उघडलं, बंद केलं, उघडलं. म्हटलं नेट गेलं असेल. मग आईकडं बघितलं. तिनं नजर चोरली. माझी आई, जिनं आयुष्यात कोणापुढं नजर खाली केली नाही, ती पलंगाच्या लोखंडाकडं बघत होती. मी विचारलं, “आई, तू रोज वाचत होतीस ना?” तिनं मान हलवली, हो. “मग?” तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘मले सरावात बसोलं होतं.’

ते मला हळूहळू उलगडलं, ती लिहीत गेली तसं. त्या वेबसाईटवरचं लॉगिन काही दिवसांनी आपोआप सुटतं. सुटलं की खूण दाबून खरं पान येत नाही, पहिलं पान येतं. पुन्हा लॉगिन करा, असं कोणी सांगत नाही. पहिल्या पानावर हिरवं बटण. आईनं ते दाबलं. तसंच वाक्य, तसाच माईक. पण आता धन्यवाद येत नव्हतं, आणि वर लिहिलं होतं, शुद्ध वाचता येईपर्यंत सराव करा. तिनं त्याचा अर्थ लावला तो असा, की तिकडं कोणीतरी तिची वाक्यं ऐकली, ती काही बरोबर वाटली नाहीत, आणि तिला खालच्या वर्गात बसवलं.

आणि हा अर्थ तिला नवा नव्हता. मी लहान असताना आई ब्लाउज शिवायची. सराफा बाजारामागं एका जुन्या मराठी घराचं काम असायचं. मीही तिच्याबरोबर जायची. दार उघडं असलं तरी आई पायरीखाली उभी राहायची, आतून “या” येईपर्यंत. कधी यायचं, कधी नाही. उन्हात उभं राहून मी तिचा हात ओढायची, चल ना आत. ती म्हणायची, “बोलावल्याशिवाय नाही जाऊ बाई.” त्या घरची बाई एकदा हसत म्हणाली होती, तुमचं मराठी म्हणजे अर्धं हिंदीच हो. आईही हसली होती. घरी येऊन मशीनवर बसली आणि त्या दिवशी कोणाशी बोलली नाही.

तर ती बाई सत्तरीत एका वेबसाईटच्या पायरीखाली उभी राहिली. रोज दुपारी, दुखऱ्या गळ्यानं, होता तेवढा आवाज खर्च करून वाचत राहिली, की कधीतरी आतून या म्हणतील. आणि मला सांगितलं नाही. पाटीवर लिहिलं, ‘तुले लाज वाटली असती. तुह्या ओळखीचे लोक.’ अरे, कसले माझे ओळखीचे लोक! मला त्या क्षणी त्या प्रत्येकाचा गळा धरावासा वाटला.

आता शहाणी माणसं मला म्हणतात, तू मधूनमधून बघायला हवं होतंस. अरे वा! घराला दार नाही ठेवलं ते शहाणे, आणि भिंतीवर डोकं आपटणाऱ्याच्या लेकीनं लक्ष द्यायला हवं होतं. मी नाही मानत. मी सांगितलं होतं, लिहून सांगितलं होतं, विहारातल्या बायका बसवून दाखवलं होतं.

घरी आल्यावर मी मंडळींना सगळं कळवलं. एकही शिवी घातली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. विचारलं, सरावातलं काही परत मिळेल का? पुण्याचे साहेब म्हणाले, “मॅडम, फार वाईट वाटलं. पण सरावाचे आवाज आपण साठवतच नाही, लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न असतो. मदतीच्या पानावर तसं लिहिलेलं आहे.” परदेशातल्या गृहस्थांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पहिलं पान बदललं. मधोमध बटण, ‘इथे बोला’. सराव खाली, बारीक अक्षरात. सरावाच्या पानावर ओळ, ‘झालं, आता पुढे चला.’ शब्द माझेच, जसेच्या तसे. महिनोन् महिने ज्याचा विचार चालला होता ते काम एका दिवसाचं निघालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले, म्हणाले, मॅडमच्या सूचनेमुळे नवीन लोकांची फार सोय झाली. मी त्याच दिवशी तिथून नाव काढलं. कोणी थांब म्हणालं नाही.

आईला मात्र मला सांगायचं होतं. तिच्या डोक्यातून ते काढायचं होतं, बाकी मला काही नको होतं. ती अंगणात खाटेवर बसली होती, गळ्याला पांढरं फडकं, मांडीवर पाटी. मी तिला फोन दाखवला. म्हटलं, आई, ऐक. तुला कोणी खाली बसवलं नव्हतं. तुझी वाक्यं कोणी नापास केली नव्हती, कोणी ऐकलीसुद्धा नव्हती. त्यांचं पानच चुकीचं होतं, त्यातून पुढं जायची वाट नव्हती. हे बघ, आता बदललं त्यांनी. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. ‘इथे बोला’ वर बोट फिरवलं, दाबलं नाही. मग पाटीवर लिहिलं, ‘म्हंजे मी पास होती?’

मी म्हटलं, “हो आई. पहिल्याच दिवशी.”

तिनं पदरानं पाटी पुसली. मला वाटलं झालं, समाधान झालं तिचं. ती खडू हातात धरून रस्त्याकडं बघत होती. कारखाना सुटला होता, सायकली, मोटरसायकली जात होत्या, एक-दोन ओळखीच्यांनी तिला हात केला, तिनंही केला. मग तिनं पुन्हा पाटी घेतली, मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहिली आणि माझ्यापुढं धरली.

‘मंग कोनी सांगाचं नाही का?’